वाढत्या वयातील बळ

रायपूर शहरातून बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर सिलतरा हे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. स्पाँज आयर्न आणि पोलाद तयार करणारे अनेक कारखाने येथे आहेत. लोहखनिजाचे लोखंड होते, लोखंडाचे पोलाद होते आणि पोलादाच्या सळ्या, पत्रे व अँगल देशभर जातात. अशा परिसरात वाढणाऱ्या मुलांना बळ ही गोष्ट अपरिचित नसते. जड वजन उचलणारे हात त्यांनी आपल्या घरीच पाहिलेले असतात. मात्र पोटासाठी केलेल्या श्रमातून येणारे बळ आणि खेळासाठी कमावलेले बळ यांत फरक असतो. त्याहूनही मोठा फरक पूर्ण वाढलेल्या शरीरात आणि वाढत असलेल्या शरीरात असतो.

चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने रग्बी खेळायचे ठरवले, तर त्याच्या आईवडिलांपुढे काही प्रश्न हमखास उभे राहतात. या वयात वजन उचलल्याने उंची खुंटेल का? धक्काबुक्कीच्या या खेळात हाडे मोडतील का? व्यायामशाळेचे शुल्क कोठून आणावे? दिवसभर काम करणाऱ्या मुलाने संध्याकाळी आणखी व्यायाम करावा की विश्रांती घ्यावी? या प्रश्नांची उत्तरे समजुतींवर न सोपवता शरीराच्या ज्ञानातून शोधणे आवश्यक आहे.

रग्बीची ओळख

इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेवरून या खेळाला नाव मिळाले. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावणे आणि तो प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे जमिनीवर टेकवणे हे या खेळाचे उद्दिष्ट होय. असा चेंडू टेकवल्यास पाच गुण मिळतात. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाचा खेळाडू कवेत धरून खाली पाडू शकतो. यालाच 'टॅकल' म्हणतात. पूर्ण खेळात प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात व सामना ऐंशी मिनिटांचा असतो. सात खेळाडूंच्या प्रकारात सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. हाच लहान प्रकार २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये खेळला जातो.

भारताशी या खेळाचा संबंध जुना आहे. १८७२ च्या नाताळात कोलकाता येथे रग्बीचा सामना झाला आणि त्यातून तेथे क्लब उभा राहिला. पुढे तो क्लब बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ १८७९ पासून आजही त्याच 'कलकत्ता कप'साठी झुंजतात. मात्र भारतात हा खेळ दीर्घकाळ मोठ्या शहरांतील जिमखान्यांपुरता मर्यादित राहिला.

ही मर्यादा ओलांडण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानासमोर फॅशन स्ट्रीट हा कपड्यांच्या दुकानांचा रस्ता आहे. तेथील पदपथांवर राहणाऱ्या मुलांना मॅथ्यू स्पेसी या रग्बीपटूने खेळात सामावून घेतले. त्या अनुभवातून १९९९ मध्ये 'मॅजिक बस' ही संस्था स्थापन झाली. ओडिशातील भुवनेश्वर येथील कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शिक्षणसंस्थेच्या संघाने २००७ मध्ये लंडन येथे चौदा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिला संघाने सिंगापूरवर २१-१९ असा विजय मिळवला. पंधरा खेळाडूंच्या प्रकारातील महिला संघाचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय होता. महागडी साधने नसलेल्या घरांतील मुलेही या खेळात पुढे जाऊ शकतात, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

खेळ शरीराकडून काय मागतो?

रग्बीच्या खेळाडूला वेगाने धावावे लागते, अचानक थांबावे लागते, दिशा बदलावी लागते, धक्का द्यावा व सोसावा लागतो आणि खाली पडल्यावर क्षणात उठून पुन्हा धावावे लागते. त्यामुळे केवळ दंड फुगवून येथे भागत नाही. पायांची व नितंबांची ताकद धावण्यासाठी आणि ढकलण्यासाठी लागते. पोट व पाठ यांचे स्नायू धक्क्याच्या वेळी धड स्थिर ठेवतात. खांदे टॅकलचा भार घेतात. मानेचे स्नायू डोक्याला बसणारा झटका कमी करण्यास मदत करतात. यांच्या जोडीला दम टिकवणारे हृदय व फुप्फुसे हवीत.

खेळाच्या नियमांनीही कोवळ्या वयाची दखल घेतली आहे. दोन्ही संघांचे खेळाडू वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना ढकलतात त्या रचनेला 'स्क्रम' म्हणतात. एकोणीस वर्षांखालील सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा अधिक ढकलण्यास मनाई आहे. मान आणि मणका यांवर अवाजवी ताण येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. प्रौढांसाठी योग्य असलेली प्रत्येक गोष्ट किशोरांसाठी योग्य नसते, हे तत्त्व नियमांनी मान्य केले आहे. व्यायामालाही तेच तत्त्व लागू पडते.

वाढणारे हाड आणि एक जुनी समजूत

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो. तेथे नवी कूर्चा तयार होते, तिचे हाडात रूपांतर होते आणि हाड लांब होत जाते. वाढ पूर्ण झाली की हा थर हाडातच विलीन होतो. तोपर्यंत तो शेजारच्या पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. वजन उचलल्याने उंची खुंटते, ही समजूत याच थराविषयीच्या काळजीतून पसरली असावी.

आजचे वैद्यकीय ज्ञान मात्र वेगळे सांगते. किशोरवयीन मुलांच्या बलव्यायामाविषयी तज्ज्ञांचे एक आंतरराष्ट्रीय एकमतपत्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जाणकार देखरेखीखाली, योग्य पद्धतीने व टप्प्याटप्प्याने केलेला बलव्यायाम या वयात सुरक्षित व हितकारक असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही अशीच आहे. अशा व्यायामाने उंची खुंटत नाही. उलट हाडे दाट होण्यास व दुखापती टळण्यास मदत होते. या वयातील बहुतेक दुखापती चुकीच्या पद्धतीने वजन उचलल्यामुळे, झेपेल त्याहून अधिक वजन घेतल्यामुळे, साधन अंगावर पडल्यामुळे किंवा कोणी लक्ष न दिल्यामुळे होतात. दोष व्यायामाचा नसून अविचाराचा असतो.

तरीही एक काळ विशेष जपण्याचा असतो. मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते. वर्षभरात आठ ते दहा सेंटिमीटर वाढ होणे या काळात स्वाभाविक आहे. हाडे आधी लांब होतात. स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागाहून जुळवून घेतात. त्यामुळे काल सहज धावणारे मूल आज अडखळते, हालचाली बेढब वाटतात, गुडघ्याच्या खालच्या उंचवट्याशी किंवा टाचेशी दुखू लागते. हा आळस नव्हे आणि खोडीही नव्हे. दर तीन महिन्यांनी घराच्या भिंतीवर पेन्सिलीने उंचीची खूण करावी. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटरांची भर दिसली, तर तो वेगाने वाढण्याचा काळ समजावा. या काळात उड्या, जोरदार धावणे आणि वजन यांचे प्रमाण कमी करून तोल, लवचिकता आणि अचूक हालचाल यांवर भर द्यावा.

एकाच वयाची दोन मुले शरीराने सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एक चौदा वर्षांचा मुलगा मिसरूड फुटलेला व भरलेला असतो, तर दुसरा अजून बालकासारखा दिसतो. दोघांनाही एकच वजन देणे अन्यायाचे आणि धोक्याचे होय.

लोखंडावाचून बळ

बलव्यायाम म्हणजे लोखंडी वजने, असा एक ग्रह आहे. प्रत्यक्षात स्वतःचे शरीर हेच पहिले वजन असते. मराठी मुलखातील आखाड्यांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. जोर काढताना छाती, खांदे, दंड आणि पाठ एकाच वेळी काम करतात. बैठका मारताना मांड्या व नितंब बळकट होतात. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे रूप दिले. खांबावरील या व्यायामात पकड, धड आणि तोल या तिन्ही गोष्टी कमावल्या जातात आणि वजन मात्र स्वतःच्या देहाचेच असते.

ही विद्या आता छत्तीसगडच्या मातीतही रुजली आहे. बस्तर विभागातील नारायणपूर येथे अबुझमाडच्या आदिवासी मुलांना मल्लखांब शिकवला जातो. तेथील 'अबुझमाड मल्लखांब अकादमी'च्या संघाने २०२३ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही दूरचित्रवाणीवरील राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. घनदाट अरण्यातील गावांतून आलेल्या त्या मुलांनी लाकडी खांबाच्या आधारे जे बळ कमावले, ते कोणत्याही रग्बीपटूला हेवा वाटावा असे आहे.

म्हणून आरंभी सहा प्रकारच्या हालचाली शिकणे पुरेसे असते. बसणे आणि उठणे, म्हणजे बैठक. कंबरेत वाकून पाठ सरळ ठेवत वस्तू उचलणे. हातांनी ढकलणे, म्हणजे जोर. हातांनी ओढणे, म्हणजे दांडीला किंवा झाडाच्या भक्कम फांदीला लोंबकळून शरीर वर खेचणे. एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे. आणि कोपर व पायांची बोटे टेकून धड फळीसारखे ताठ धरणे. जोर जमत नसतील, तर गुडघे टेकून किंवा भिंतीला हात लावून सुरुवात करावी. अशी सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

आठवड्याची आखणी

बलव्यायाम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस करावा आणि दोन दिवसांमध्ये एका दिवसाचे अंतर ठेवावे. स्नायूंना व्यायामाच्या वेळी ताण बसतो. ते बळकट होतात ते नंतरच्या विश्रांतीत. हे अंतर काढून टाकले, तर थकवा साचत जातो आणि बळ वाढत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक हालचालीच्या एक किंवा दोन फेऱ्या पुरेशा होतात. एका फेरीत आठ ते पंधरा आवर्तने करावीत. शेवटचे आवर्तनही पहिल्याइतकेच नेटके झाले पाहिजे. पाठ वाकू लागली, गुडघे आत वळू लागले किंवा श्वास रोखला जाऊ लागला, तर आवर्तनांची संख्या पूर्ण झालेली नसली तरी थांबावे. पंधरा आवर्तने सहज होऊ लागली की मगच भार वाढवावा, आणि तोही पाच ते दहा टक्केच. दहा किलोंची वाळूची पिशवी घेऊन बैठका मारणाऱ्याने पुढे अर्धा किंवा एक किलो वाळू घालावी, एकदम पाच किलो नव्हे. किती वजन एकदाच उचलता येते, याच्या पैजा या वयात लावू नयेत.

खेळाच्या सरावाआधी अंग गरम करणे हा उपचार नव्हे, ते संरक्षण आहे. जागतिक रग्बी संघटनेने 'ॲक्टिव्हेट' नावाचा सुमारे वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम तयार केला आहे. त्यात धावण्याचे सोपे प्रकार, एका पायावरील तोल, अंगबळाचे व्यायाम, उडी मारून जमिनीवर अलगद उतरणे आणि मानेचे व्यायाम यांचा समावेश आहे. इंग्लंडमधील ४० शाळांतील १४ ते १८ वर्षांच्या मुलांवर या प्रकारच्या कार्यक्रमाचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून किमान तीन वेळा हा पूर्वव्यायाम करणाऱ्या संघांत सामन्यांतील दुखापती ७२ टक्क्यांनी आणि मेंदूला बसणारे हादरे ५९ टक्क्यांनी कमी आढळले. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. लागतो तो नियमितपणा.

मानेचा व्यायाम सोपा आहे. स्वतःचा तळवा कपाळावर ठेवून डोके त्यावर हलके दाबावे आणि हाताने तितकाच विरोध करावा. डोके हलू देऊ नये. असेच मागून आणि दोन्ही बाजूंनी करावे. दाब हळूहळू वाढवावा, झटका देऊ नये. डोक्यावर उभे राहणे किंवा मानेवर दुसऱ्याचे वजन घेणे टाळावे.

मुलींच्या बाबतीत गुडघ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. अचानक वळताना किंवा उडीवरून उतरताना गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींमध्ये अधिक आढळतो. उतरताना गुडघे किंचित वाकलेले असावेत, ते आत न वळता पावलांच्या दिशेत राहावेत आणि दोन्ही पायांवर सारखा भार यावा. याची सवय लावल्यास हा धोका कमी होतो. बलव्यायामाने मुली पुरुषी दिसू लागतात, ही भीती निराधार आहे.

दम वाढवण्यासाठी रोज मैलोन्मैल धावण्याची आवश्यकता नाही. सातच्या रग्बीत थोडे अंतर वेगाने धावणे, थोडा श्वास घेणे आणि पुन्हा धावणे हेच सतत चालते. वीस-तीस मीटर वेगाने धावून चालत परत यावे. अशा सहा ते आठ खेपा आठवड्यातून दोनदा कराव्यात. उरलेल्या एखाद्या दिवशी बोलता येईल इतक्या संथ गतीने वीस-पंचवीस मिनिटे धावावे. पडण्याचाही सराव करावा. मऊ माती किंवा वाळूवर, हनुवटी छातीशी घेऊन, चेंडू कवटाळून, खांद्याच्या बाजूने घरंगळत पडायला शिकावे. पसरलेल्या तळहातावर भार टाकून पडल्यास मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडण्याची भीती असते.

कामाचा भार आणि खेळाचा भार

औद्योगिक परिसरातील अनेक किशोर शिक्षणाबरोबर काही ना काही काम करतात. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक व्यवसायांत व प्रक्रियांत कामाला लावण्यास कायद्याने मनाई आहे. २०१६ मध्ये कायद्यात केलेल्या दुरुस्तीने ही तरतूद स्पष्ट केली आहे. परंतु दुकानातील पोती उतरवणे, पाण्याच्या घागरी वाहणे, शेतातील कामे आणि लांबवर सायकल चालवणे हेही श्रमच होत. शरीर कामाचा भार आणि खेळाचा भार वेगवेगळा मोजत नाही. त्याच्या लेखी दोन्हींची बेरीज होते.

दिवसभर पोती वाहिलेल्या मुलाने संध्याकाळी पुन्हा वजन उचलले, तर तो अधिक बलवान होण्याऐवजी जायबंदी होण्याचा संभव अधिक असतो. अशा दिवशी हलके ताण देणारे व्यायाम आणि चेंडू देण्या-घेण्याचा सराव एवढेच करावे. यात एक जमेची बाजूही आहे. व्यायामशाळेत शिकलेली वजन उचलण्याची पद्धत कामावर उपयोगी पडते. वस्तू शरीराजवळ धरून, पाठ सरळ ठेवून आणि पायांच्या बळावर उचलणारा तरुण पुढे कित्येक वर्षे पाठदुखीपासून स्वतःचा बचाव करू शकतो.

दुखणे आणि थकणे यांतील फरक ओळखता आला पाहिजे. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू सर्वत्र ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु सांध्यात किंवा हाडाच्या एकाच जागी दुखणे, सूज येणे, लंगडणे किंवा रात्री दुखण्याने जाग येणे ही थांबण्याची चिन्हे आहेत. अशा वेळी मालिश करून वेळ काढण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवणे श्रेयस्कर.

हवा आणि ऊन

सिलतऱ्यातील खेळाडूला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले. त्यात ज्या क्षेत्रांना शंभरपैकी सत्तरहून अधिक गुण मिळाले, त्यांची गणना अत्यंत गंभीर प्रदूषित क्षेत्रांत झाली. सिलतरा त्या यादीत होते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. जोरदार व्यायामात हे प्रमाण दहापट होऊ शकते आणि श्वास तोंडाने घेतला जात असल्याने नाकाची गाळणीही निरुपयोगी ठरते. याचा अर्थ व्यायाम सोडावा असा नव्हे. व्यायामाची जागा आणि वेळ विचारपूर्वक निवडावी, हा त्याचा अर्थ.

अवजड वाहनांच्या रस्त्याकडेला धावू नये. कारखान्यांपासून व रहदारीपासून दूर, झाडे असलेले मैदान निवडावे. पहाटेची हवा नेहमीच शुद्ध असते, अशी समजूत आहे. परंतु हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि धूर व धूळ त्यातच साचतात. म्हणून थंडीच्या दिवसांत सूर्य वर येऊन धुके निवळल्यावर धावणे अधिक चांगले. हवेत धूर स्पष्ट दिसत असेल, त्या दिवशी धावणे टाळून घरात जोर-बैठका कराव्यात. दम्याचा त्रास असलेल्या मुलांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच सराव करावा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध मैदानावर जवळ बाळगावे.

उन्हाळ्यात प्रश्न बदलतो. मे महिन्यात रायपूर परिसरात पारा चाळीस अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. तेव्हा सराव सूर्योदयाच्या सुमारासच आटोपावा. उन्हाची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर सराव थोडा आणि हलका ठेवावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यावे. घाम फार गेला असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे घ्यावे. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे किंवा अंग तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा खेळाडूला तत्काळ सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे आणि रुग्णालयात पोहोचवावे.

अन्न आणि झोप

वाढ आणि व्यायाम या दोन्हींसाठी अन्न पुरले पाहिजे. ते महाग असलेच पाहिजे असे नाही. पन्नास किलो वजनाच्या किशोर खेळाडूला दिवसाकाठी साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने लागतात. भात व डाळ एकत्र खाल्ल्यास दोघांतील प्रथिनांची उणीव परस्परांनी भरून निघते. मूठभर भिजवलेले चणे, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, अंडी, मासे यांतून उरलेली गरज भागते. छत्तीसगडमध्ये उन्हाळ्यात खाल्ली जाणारी बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात, शरीराला पाणी आणि ऊर्जा देते. तिच्यासोबत डाळ किंवा दही घेतल्यास तो खेळाडूचा उत्तम आहार होतो.

लोखंडाच्या या प्रदेशात रक्तातील लोहाकडे दुर्लक्ष होऊ नये. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयग्रस्त होते. रक्तात लोह कमी असेल, तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. मूल लवकर थकते, धापा टाकते. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये व गूळ आहारात ठेवावेत आणि जेवणात लिंबू पिळावे. लिंबातील जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेणे टाळावे, कारण तो लोह शोषण्यात अडथळा आणतो.

झटपट शरीर कमावण्याचे आमिष दाखवून विकल्या जाणाऱ्या भुकट्या, गोळ्या आणि इंजेक्शने यांपासून किशोरांनी दूर राहावे. त्यांपैकी काहींत अंतःस्राव बिघडवणारी औषधे मिसळलेली असू शकतात. त्यामुळे वाढ खरोखरच खुंटू शकते आणि उत्तेजक सेवनाच्या चाचणीत खेळाडूवर बंदीही येऊ शकते. ज्या भीतीने पालक वजने टाळतात, ती भीती वास्तविक या औषधांची बाळगली पाहिजे.

चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहून पहाटे सरावाला येणारा खेळाडू मेहनतीचे अर्धे फळ गमावतो.

डोक्याला मार लागल्यास

रग्बीत सर्वांत गंभीर समजली जाणारी इजा म्हणजे मेंदूला बसणारा हादरा. त्यासाठी बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. गोंधळल्यासारखे होणे, डोके दुखणे, उलटी होणे, अंधारी येणे, तोल जाणे, आताच काय घडले ते न आठवणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास खेळाडूने लगेच मैदान सोडावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळू नये. त्याला एकटे सोडू नये व डॉक्टरांकडे न्यावे. बरे वाटल्यानंतरही पायरीपायरीने सराव वाढवत, डॉक्टरांच्या संमतीने आणि किमान तीन आठवड्यांनंतरच सामना खेळावा. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला, तर कोवळ्या मेंदूवर त्याचे परिणाम प्राणघातक ठरू शकतात. 'थोडेसेच लागले, खेळून घे' असे म्हणणारा मोठा माणूस मुलाचे हित पाहत नसतो. मैदानाबाहेर जाणे ही भित्रेपणाची खूण नव्हे. त्या क्षणी तेच धैर्य असते.

योग्य मार्गदर्शक कोण?

मुलाला कोणत्या प्रशिक्षकाच्या हाती सोपवावे, हे ठरवण्यासाठी पालकांना खेळाचे फार ज्ञान असावे लागत नाही. सराव सुरू होण्यापूर्वी पूर्वव्यायाम होतो का, वजनाआधी पद्धत शिकवली जाते का, लहानखुऱ्या मुलांना धिप्पाड मुलांसमोर टॅकलला उभे केले जाते का, दुखते म्हणणाऱ्याचे ऐकले जाते का आणि मैदानावर पाणी व प्रथमोपचाराची पेटी असते का, एवढे पाहिले तरी पुरेसे होते. जेथे शिक्षा म्हणून शेकडो बैठका काढायला लावतात, तेथे व्यायामाची गोडी लागत नाही, उलट तिटकारा निर्माण होतो.

सिलतऱ्याच्या भट्ट्यांत खनिजाचे लोखंड व्हायचे असेल, तर ठरलेले तापमान, ठरलेला वेळ आणि सतत देखरेख लागते. घाई केली तर माल कच्चा राहतो, अतिरेक केला तर वाया जातो. भट्टीवर काम करणाऱ्या आईवडिलांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. तीच सावधगिरी त्यांनी आपल्या मुलामुलींच्या शरीराविषयी बाळगली पाहिजे. भट्टीतील बिघडलेला माल पुन्हा वितळवता येतो. वाढीचे वय मात्र एकदाच येते. त्या वयात धीराने कमावलेले बळ रग्बीच्या मैदानावर उपयोगी पडतेच, आणि मैदान सुटल्यानंतरही आयुष्यभर साथ देते.